पोलोचे स्प्रिंग बदलताना

आज पुण्यातल्या एका ओळखीच्या गॅरेजमध्ये माझ्या फोक्सवॅगन पोलो गाडीला लोअरिंग स्प्रिंग (गाडीची उंची कमी करणारे स्प्रिंग) बसवले. गाडी साधारण 30 मिलिमीटर खाली आली. मात्र दिवसभर माझे लक्ष त्या उंचीपेक्षा स्प्रिंगच्या वर-खाली बसणाऱ्या रबरी आयसोलेटरवरच होते.

जुने आयसोलेटर काढले तेव्हा त्यांचे रबर कडक होऊन कडेने चिरलेले दिसले. स्प्रिंग आणि त्याची बैठक यांच्यामध्ये हे रबर नसेल, तर लोखंडावर लोखंड घासते, खड्ड्यात खटखट ऐकू येते आणि स्प्रिंगवरचा रंग उडून तिथे गंज धरतो. म्हणून नव्या स्प्रिंगसोबत आयसोलेटरही नवेच घ्यावेत, असे माझे ठाम मत आहे.

पुढचा स्ट्रट (शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणि स्प्रिंगचा एकत्र भाग) उघडण्याचे काम जोखमीचे असते, कारण स्प्रिंग दाबून धरणाऱ्या कंप्रेसर या अवजाराने ती पूर्ण आवळल्याशिवाय वरचा नट सैल केला, तर दाबलेली स्प्रिंग प्राण घेऊ शकते. मिस्त्रीकाकांनी ते घाई न करता केले आणि स्प्रिंगचे टोक बैठकीतल्या खाचेला नीट टेकले आहे ना, हे बोट फिरवून तपासले. कंट्रोल आर्मच्या (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या दांड्याच्या) बुशचे, म्हणजे सांध्यातल्या रबरी भागाचे, बोल्ट त्यांनी गाडी चाकांवर उभी केल्यावरच शेवटचे आवळले; चाके लोंबकळत असताना आवळले असते, तर बुशचे रबर कायमचे पिळलेले राहून लवकर फाटले असते.

उंची बदलली की टो (वरून पाहता चाक आत-बाहेर किती वळले आहे) आणि कॅम्बर (समोरून पाहता चाक किती कलले आहे) हेही बदलतात, त्यामुळे स्प्रिंग थोडे बसले की व्हील अलाइनमेंट करून घेणार आहे.