एल्सी नव्हतीच

इंग्रजी लेखिका जेनेट विंटरसन यांच्या पहिल्या कादंबरीतली एल्सी मला फार आवडली होती. 'ऑरेंजेस आर नॉट द ओन्ली फ्रूट' या १९८५ सालच्या कादंबरीत नायिकेचे नावही जेनेटच आहे. इंग्लंडमधल्या लँकेशरच्या गिरणगावात, कडव्या पेंटेकोस्टल (ख्रिस्ती धर्मातल्या एका पंथाच्या) घरात दत्तक आलेली ही मुलगी दुसऱ्या मुलीच्या प्रेमात पडते आणि चर्चची सगळी मंडळी तिच्यावर उलटतात, तेव्हा म्हातारी एल्सी तेवढी तिच्या बाजूची असते. पुढे २६ वर्षांनी लिहिलेल्या आत्मकथनात विंटरसन सांगतात की, एल्सी नव्हतीच. खरी हकिकत सोसण्यापलीकडची होती, म्हणून ज्या गोष्टीच्या आधाराने जगता येईल अशी गोष्ट त्यांनी रचली.

वाचकांनी मात्र कादंबरीलाच आत्मचरित्र मानले. पुरुष लेखकाने पात्राला स्वतःचे नाव दिले की तो प्रयोग आणि बाईने दिले की तो कबुलीजबाब, ही विंटरसन यांची जुनी तक्रार मला रास्त वाटते.

आत्मकथनात घर अधिक उघडे दिसते. घरात मोजून सहा पुस्तके, कादंबऱ्यांना बंदी. म्हणून जेनेट विकत घेतलेली पुस्तके गादीखाली लपवते. एका थरात ७२ मावतात, थर वाढतात, पलंग उंच होत जातो आणि एके दिवशी आईला पत्ता लागतोच. ती सगळी पुस्तके मागच्या अंगणात फेकून पेटवून देते. (त्याच विंटरसन यांनी २०२१ मध्ये, वेष्टनावरचा मजकूर गोडगोड, घरगुती आहे म्हणून, स्वतःच्या पुस्तकांच्या नव्या आवृत्तीच्या प्रती जाळल्या. हे मला अजून पचलेले नाही.)

सोळाव्या वर्षी घर सुटले. त्यानंतर काही दिवस मोटारीत झोपून काढले, मग ऑक्सफर्ड, मग पहिल्याच कादंबरीला ब्रिटनमधला व्हिटब्रेड साहित्य पुरस्कार. पण धाडस पाहायचे तर १९९२ सालची 'रिटन ऑन द बॉडी' पाहावी: एका विवाहितेच्या प्रेमात बुडालेला यातला 'मी' पुरुष की स्त्री, हे शेवटपर्यंत कळत नाही. मराठीत हे करून पाहावे. 'मी प्रेम केले' इथपर्यंत निभावते, पण 'मी आलो' की 'मी आले' इथे क्रियापद चुगली करते.

आत्मकथनाचे शीर्षक म्हणजे आईचाच प्रश्न: 'व्हाय बी हॅपी व्हेन यू कुड बी नॉर्मल?' त्या मुलीबरोबर मी आनंदी असते, या उत्तरावर तिने तो विचारला होता. पुस्तकभर लेखिका तिला 'मिसेस विंटरसन' असेच म्हणते. शेवटी जन्मदाती सापडते, भेटही होते, आणि ती मिसेस विंटरसनला नावे ठेवू लागते तेव्हा लेखिकेला ते सहन होत नाही. राक्षसीण होती खरी, पण माझी होती, असे ती लिहून जाते.