जागीच असते की ती

समोर बांधकाम चालू आहे. दुपारी गॅलरीत वाळलेले कपडे काढायला गेले तर खाली एक मजूर दिसला. वाळूच्या ढिगावर पाठ टाकून, तोंडावर गमछा घेऊन गाढ झोपलेला. शेजारी मिक्सर खडखडतोय, ट्रक भोंगा वाजवत मागे येतोय, हा कूससुद्धा बदलत नाही. मला इतका हेवा वाटला की निम्मे कपडे दोरीवरच राहिले.

लगेच कुणीतरी म्हणेल, कष्ट करणाऱ्याला झोप लागते हो, तुमचं काय, बैठं काम. सासरी, माहेरी, रिक्षावाल्याकडूनसुद्धा ऐकून झालंय हे. सोबत उपाय फुकट. जायफळ घातलेलं दूध घ्या. काशाच्या वाटीने तळपायाला तूप चोळा. शंभरापासून उलटे आकडे मोजा. आकड्यांनी तर मी टक्क जागी होते. एकोणनव्वदला आलं की वाटतं, हे एकोणऐंशी तर नव्हे? मग पुन्हा शंभरापासून.

खरा छळ हिशेबाचा. पावणेदोन वाजता: आत्ता लागली तरी साडेचार तास मिळतील. सव्वातीनला: तीन तास काही वाईट नाहीत. घड्याळ खोलीतून हलवून स्वयंपाकघरात नेलं, तर टिकटिक तिथून ऐकू यायला लागली.

दुसऱ्या दिवशी डोळे चुरचुरतात, साधं नाव आठवत नाही, हे सगळं एक वेळ ठीक. पण भूक! अकरा वाजले की डोळ्यांपुढे वडापाव. झोप अपुरी झाली की भूक चाळवणारं घ्रेलिन वाढतं आणि पोट भरल्याची खबर देणारं लेप्टिन घटतं, असं काही अभ्यासांत दिसलं आहे. तेव्हापासून दुसरा वडा मी घ्रेलिनच्या खात्यावर टाकते. चहाचंही तसंच. जागेपणी मेंदूत अडेनोसिन साठत जातं, त्याने झोप दाटून येते. कॅफिन नेमकी त्याचीच जागा अडवून बसतं आणि निम्मं उतरायलाच त्याला साधारण पाच तास लागतात. म्हणजे सहाचा चहा रात्री अकराला अर्धा शिल्लक. सगळं माहीत आहे. सहाचा चहा काही सुटत नाही.

अमेरिकेत सॅन डिएगोच्या रँडी गार्डनर नावाच्या सतरा वर्षांच्या मुलाने १९६३-६४च्या थंडीत शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी २६४ तास जागून काढले. नंतर चौदाएक तास झोपला आणि उठून कामाला लागला. उतारवयात त्यालाच निद्रानाशाने गाठलं. हे वाचून मला जे समाधान झालं ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही.

पण कष्टाचं म्हणाल तर माझी आजी. पहाटेपासून विहिरीचं पाणी, चूल, गोठा, दहा माणसांचा स्वयंपाक. तिला झोप लागायला हवी होती ना? मी रात्री पाणी प्यायला उठले की माजघरात ती भिंतीला टेकून वाती वळत बसलेली असायची. दिवासुद्धा नाही, बोटांना सवय. "उठलीस होय गं? ये," म्हणायची आणि गुळाचा खडा हातावर ठेवायची. मला वाटायचं, आजी घर राखते.

घरातल्या सगळ्यांनी या जागरणाचा सोयीस्कर उपयोग करून घेतला होता. पहाटेची एसटी गाठायची असली की काका झोपताना सांगायचे, "आई, चारला उठव." गजर लावायची गरजच नव्हती. जागीच असते की ती, असं बाबा कौतुकाने पाहुण्यांना सांगायचे. म्हातारपणी झोप कमी होते, हे त्यावरचं स्पष्टीकरण. आता वर्षं जुळवून पाहिली, तर तेव्हा ती जेमतेम पन्नाशीची होती.

तिच्या उशाच्या डब्यात गुडघ्यांचं तेल होतं, डोळ्यांचे थेंब होते, खोकल्याची बाटली होती. झोपेसाठी काही नव्हतं. त्यासाठी डॉक्टरकडे जायचं असतं हे तिच्या मनात आलं नाही, आणि रात्रभर कसला विचार करत बसतेस, हे आमच्यापैकी कुणी तिला विचारलं नाही.