एवढ्याशा पोरांना कुस्तीच्या मैदानात कशाला नेता?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, कारण माहेरी, शाळेच्या गेटवर, सगळीकडे हेच विचारतात, पोरं एवढी लहान, तिथली धूळ, गर्दी, आवाज, त्यापेक्षा घरात टीव्हीवर मॅच दाखवायची की.

चार-पाच वर्षांच्या पोराला पहिल्यांदा कुठला खेळ दाखवायचा तर मी म्हणेन मातीतली निकाली कुस्तीच. क्रिकेट मलाही आवडतं, पण बेळगावात ऑटोनगरच्या स्टेडियमवर लांब बसलेल्या एवढ्याशा पोराला बॉल दिसतच नाही हो, सगळे ओरडले की ते आपल्या तोंडाकडे बघतंय, काय झालं म्हणून. कुस्तीत कुणाला विचारायला नको. पाठ मातीला लागली की निकाल, संपलं.

आणि आपल्या बेळगाव भागातल्या मैदानांची रीतच पोरांच्या सोयीची आहे, आनंदवाडीचा आखाडा घ्या नाहीतर गावच्या यात्रेतलं मैदान, सुरुवात होते ती लहान पोरांच्या कुस्त्यांनी आणि एक नंबरची कुस्ती सगळ्यात शेवटी, लाइटच्या उजेडात. लोक मात्र पोरांना घेऊन येतात ते नेमके त्या शेवटच्या जोडीला. तोवर पोरं पेंगलेली, गर्दी दाटलेली, आणि मोठे पैलवान एकमेकांचा अंदाज घेत कितीतरी वेळ मानेला हात लावून उभे, जाणकाराला त्यात मजा असते, पोराला नाही. म्हणून आम्ही दुपारीच जातो आणि मोठ्या जोडी लागायच्या आत उठतो.

त्या लहान पोरांच्या कुस्त्या बघाच तुम्ही. पंच नुसत्या नजरेनं अंगकाठी बघून जोड लावतात, पोरं वाकून माती कपाळाला लावतात, आणि मग जी भिडतात! गेल्या यात्रेत माझ्या लेकीएवढंच एक पोरगं चितपट झालं आणि मोठ्यानं रडायला लागलं, तर वस्तादांनी त्याच्या पाठीवरची माती झाडली, जिंकलेल्याचा हात हातात दिला आणि दोघांना एकत्रच बाहेर आणलं. घरी येऊन लेक ते आजीला करून दाखवत होती, जिंकणं नाही, ते माती झाडणं. टीव्हीवर हे दिसणार आहे का?

बायका जातात का तिथं, हे पण विचारतात. जातात की, अजून कमीच असतात हे खरं, पण हल्ली मुलींच्या कुस्त्या पण लावतात, आणि माझ्या लेकीला त्या बघायलाच पाहिजेत असं मला मनापासून वाटतं.

कोल्हापूरला गेलात तर खासबागचं कुस्तीचं मैदान पण दाखवा, रिकामं असलं तरी चालेल. शाहू महाराजांनी रोमचं कलोझियम बघून तसं बांधून घेतलं, १९१२ साली सुरू झालं, आखाडा मधे आणि बसायची जागा गोल चढत गेलेली, त्यामुळे मागच्यालाही माती दिसते. गावच्या मैदानात तसा चढ असेलच असं नाही, तिथं लवकर जाऊन पुढं बसायचं.

फक्त हलगी आणि कर्ण्यापासून लांब बसा, लहान कानांना तो आवाज खरंच सोसत नाही. खिशात फोन नंबरची चिठ्ठी, डोक्यावर टोपी, पाणी, थोडे चिरमुरे. आणि कंटाळलं पोर तर सरळ उठा, गावच्या मैदानाला बहुतेक ठिकाणी तिकीटच नसतं.