सर्वोच्च न्यायालयातील सोमवार

पुण्यात विधी शाखेचे शिक्षण घेताना शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात आमचे वारंवार जाणे होत असे. तेथील उलटतपासणी आणि पुढची तारीख घेऊन परतणारे पक्षकार आमच्या ओळखीचे झाले होते. सर्वोच्च न्यायालयात साक्षीपुरावा सहसा होतच नाही, कामकाज कागदपत्रांवर चालते, हे सरांनी दिल्लीला निघण्यापूर्वीच बजावले होते.

सर्वोच्च न्यायालयाच्या या भेटीत सर्वाधिक वेळ परवानगीत गेला. प्राचार्यांच्या सहीचे पत्र, विद्यार्थ्यांची यादी आणि ओळखपत्रांच्या प्रती आधीच पाठवाव्या लागल्या. एकट्याने जाणाऱ्यासाठी २०२३ पासून ‘सुस्वागतम्’ या पोर्टलवर ई-पासची सोय आहे, पण गटाचे काम पत्रव्यवहारानेच पुढे सरकले. प्रत्यक्ष त्या दिवशी झडती, मोबाईल जमा करणे आणि पुन्हा झडती यांतच सकाळ सरली. तराजूच्या आकारावर बेतलेली ही इमारत गणेश भिकाजी देवळालीकर या वास्तुविशारदाने उभी केली, याचे आम्हा मराठी मुलांना थोडे अधिक कौतुक वाटले, हे कबूल करायला हरकत नाही.

आमचा वार सोमवार होता. सोमवारी आणि शुक्रवारी मुख्यतः नवी प्रकरणे दाखल करून घ्यायची की नाही, एवढेच ठरते. त्यांत राज्यघटनेच्या अनुच्छेद १३६ खालील विशेष अनुमती याचिकांचा, म्हणजे खालच्या न्यायालयाच्या आदेशाविरुद्ध अपील करू देण्याची परवानगी मागणाऱ्या अर्जांचा, भरणा असतो. फलकावरचा क्रमांक बदलला की मागे दाटीवाटीने उभे असलेले वकील पुढे सरकत आणि आधीचे फायली सावरत बाजूला होत. भूसंपादनाच्या मोबदल्याचे एक प्रकरण पुकारले गेले. वकिलांनी वस्तुस्थिती सांगायला सुरुवात केली, तोच न्यायमूर्तींनी उच्च न्यायालयाच्या आदेशातील एका परिच्छेदावर बोट ठेवून याचिकेला झालेल्या विलंबाचे कारण विचारले. उत्तर पुरते पटले नसावे, कारण पुढच्याच वाक्यात याचिका फेटाळली गेली आणि फलकावर नवा क्रमांक आला. आम्हाला ही घाई वाटली. परंतु प्रश्न इतका नेमका होता, की फाईल आधीच वाचून झाली होती हे उघड होते. एका वाक्यात मुद्दा मांडणाऱ्या वकिलांच्या प्रकरणांत मात्र नोटीस निघताना, म्हणजे दुसऱ्या बाजूला उत्तर देण्यास सांगितले जाताना, दिसले. अभिरूप न्यायालय (मूट कोर्ट) स्पर्धेत, म्हणजे विद्यार्थ्यांच्या लुटुपुटूच्या खटल्यात, आम्ही प्रास्ताविकावरच जी मिनिटे घालवतो, तेवढ्यात येथे प्रकरणाचा निकाल लागत होता.

सोमवार-शुक्रवारच्या याच गर्दीत इंटर्न विद्यार्थ्यांच्या प्रवेशावर असलेल्या निर्बंधाविरुद्ध आणि सुनावण्यांच्या थेट प्रक्षेपणासाठी स्वप्निल त्रिपाठी या विधी विद्यार्थ्याने पूर्वी याचिका केली होती. त्या प्रकरणात २६ सप्टेंबर २०१८ रोजी थेट प्रक्षेपणाच्या बाजूने निकाल लागला आणि सप्टेंबर २०२२ पासून घटनापीठाच्या सुनावण्या घरबसल्या दिसू लागल्या. घटनेच्या अर्थाविषयी महत्त्वाचा प्रश्न असला की किमान पाच न्यायमूर्ती बसतात आणि युक्तिवाद कित्येक दिवस चालतो. ते पुण्यात बसूनही पाहता येते. दाखल-सुनावणीची लगबग मात्र त्या दालनात उभे राहूनच कळते, म्हणून पुढच्या तुकडीने अर्जात एक सोमवार किंवा शुक्रवार आणि त्याला जोडून आठवड्याच्या मधला एक दिवस मागावा, असे मी महाविद्यालयाला दिलेल्या अहवालात लिहिले आहे.