एच१०० माझ्याकडे नाही, बॉट आहे

एनव्हिडियाचं एच१०० हे जीपीयू कार्ड, म्हणजे ढीगभर हिशेब एकाच वेळी करणारं कार्ड, मी आजवर फक्त फोटोत पाहिलंय. त्याची किंमत आमच्या घरच्या बजेटमध्ये बसणारी नाही, बसवायचा विचारही नाही. पण रात्री जेवणं उरकली की माझा कोड त्याच कार्डावर धावतो, तोही डिस्कॉर्ड या चॅटिंग अ‍ॅपवरच्या एका बॉटमुळे, म्हणजे आपोआप उत्तर देणाऱ्या प्रोग्राममुळे.

डिस्कॉर्डवर जीपीयू मोड नावाचा ग्रुप आहे, हा बॉट तिथलाच. आधी त्याचं नाव कुडा मोड होतं. तिथे जीपीयूचे कर्नल, म्हणजे कार्डावर धावणारे छोटे प्रोग्राम, कोण जास्त वेगवान लिहितो याच्या स्पर्धा चालतात. २०२५ मध्ये एएमडीने एक लाख डॉलरचं बक्षीस लावून आपल्या एमआय३०० कार्डावर अशीच स्पर्धा घेतली. माझी मजल अजून सरावाच्या गणितांपर्यंतच.

चॅटबॉट म्हटलं की ऑफिसातल्या पोरांना वाटतं, कोड तोच लिहून देत असणार. अजिबात नाही. पायथॉनची एक फाइल, तिच्यात ठरलेल्या नावाचं एक फंक्शन. चॅटमध्ये स्लॅश मारून कमांड द्यायची, फाइल जोडायची, कार्ड निवडायचं. आधी टेस्ट, मग बेंचमार्क म्हणजे वेळेची मोजणी, मग रँकिंग. उत्तर चुकलं तर बॉट कितव्या जागी काय यायला हवं होतं आणि काय आलं एवढं दाखवतो, बरोबर आलं तर वेळ सांगतो. आमच्याकडच्या साखर कारखान्यावरचा काटाच म्हणा: वजन सांगणार, ऊस कसा वाढवायचा ते तुमचं तुम्ही बघा. फरक इतकाच की इथे काटा मारला जात नाही.

आता ग्रेस्केलचं गणित घ्या. रंगीत चित्र करडं करायचं: लाल गुणिले ०.२९८९, हिरवा ०.५८७०, निळा ०.११४०, आणि बेरीज. शाळकरी पोरही करेल. पण हिशेब गुणाकाराचा नाहीच, वाहतुकीचा आहे. प्रत्येक रंगाचा आकडा म्हणजे चार बाइटचा एक फ्लोट (दशांश आकडा), म्हणून दर पिक्सेलला १२ बाइट वाचायचे, ४ लिहायचे. समजा चित्र ८१९२ बाय ८१९२ चं आहे, तर साधारण १.०७ जीबी डेटा मेमरीतून ये-जा करणार. टी४ या एनव्हिडियाच्याच लहान कार्डाची बँडविड्थ, म्हणजे मेमरीतून डेटा वाहायचा वेग, सेकंदाला ३२० जीबी, म्हणजे ३.३ मिलिसेकंदांच्या खाली देवही जाऊ शकत नाही. एच१०० वर तोच आकडा ०.३ च्या आसपास येतो. हे आधी कागदावर मांडलं की बॉटने सांगितलेल्या वेळेला अर्थ येतो. नाहीतर नुसता आकडा बघून खूश व्हायचं की रडायचं, कळत नाही.

मग खरी खटपट सुरू. कार्डावर हजारो थ्रेड, म्हणजे कामकरी, एकदम राबतात; त्यातल्या एका थ्रेडला एक पिक्सेल देण्याऐवजी चार द्यायचे. चार पिक्सेल म्हणजे बारा फ्लोट, ते चार-चारच्या तीन घासांत उचलायचे आणि करडे चार एकदम लिहून टाकायचे. बाकी ब्लॉकचा, म्हणजे थ्रेडच्या टोळीचा, आकार वगैरे बदलून बघायचा. त्यात फार काही हाती लागत नाही, पण हात स्वस्थ बसत नाहीत.

मला यातलं सगळ्यात काय आवडतं, तर कार्ड विकत न घेता, क्लाउडच्या बिलाची धास्ती न बाळगता हे करता येतं. कोड लिहायला माझा जुना लॅपटॉप, निकाल बघायला मोबाइल. ‘इतक्या रात्री कुणाशी चॅटिंग चाललंय’ हा बायकोचा प्रश्न तेवढा रास्त आहे.

सध्या प्रिफिक्स सम घेतलंय, म्हणजे यादीतल्या प्रत्येक जागी तिथवरच्या सगळ्या आकड्यांची बेरीज. त्यात प्रत्येक ब्लॉकला आधीच्या ब्लॉकची बेरीज लागते, त्यामुळे सगळ्यांना एकदम पळवता येत नाही. कुणी टी४ वर हे केलं असेल तर कमेंटमध्ये सांगा, डेटावरून दोन फेऱ्या मारून केलं की एकाच फेरीत.