तुम्ही विचारलंत म्हणून: देवावरची पहिली प्रीती परत कशी येते?

प्रश्न जवळजवळ याच शब्दांत येतो. "बाप्तिस्म्याच्या वेळी प्रभूबद्दल जे वाटायचं ते आता वाटत नाही. रविवार चुकत नाही, दशमांश जातो, बायबलही उघडतो. पण मन कोरडं पडलंय. काय करू?" विचारणारे बहुतेक मंडळीतले कामाचे लोक असतात. कुणी शब्बाथ शाळेत शिकवतं, कुणी क्वायरमध्ये गातं, कुणी महिला मंडळाचा हिशेब सांभाळतं. ज्यानं मंडळीच सोडली तो हा प्रश्न सहसा विचारत नाही. म्हणून पहिली गोष्ट ही, की हा प्रश्न पडणं वाईट लक्षण नाही. ज्याला पूर्वीची ओढ आठवते त्यालाच आजचा कोरडेपणा खुपतो.

शास्त्रात हा आजार जिथे नावानिशी सापडतो तिथली मंडळीसुद्धा अशीच कामसू होती. इफिस या शहरात प्रेषित पौल तीन वर्षं राबला. तिथल्या नव्या विश्वासणाऱ्यांनी जादूटोण्याची पुस्तकं आणून सगळ्यांसमोर जाळली. त्यांची किंमत ५०,००० चांदीची नाणी भरली, असं बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या १९व्या अध्यायात आहे. हीच त्यांची पहिली प्रीती! पुढे 'प्रकटीकरण' या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात याच मंडळीला प्रभूचा निरोप येतो. त्यात आधी कौतुक आहे: तुझे श्रम मला ठाऊक आहेत, तू धीर धरलास, खोट्या प्रेषितांची पारख केलीस, खचला नाहीस. आणि मग दोष: तू आपली पहिली प्रीती सोडलीस. त्यावरचा उपाय तीन आज्ञांत दिला आहे. कुठून पडलास ते आठव, पश्चात्ताप कर, आणि पहिली कृत्यं पुन्हा कर.

या तीन आज्ञांत "पूर्वीसारखं वाटून घे" अशी आज्ञा नाही, आणि लोक नेमके तिथेच अडकतात. भावना परत यावी म्हणून ते एका कन्व्हेन्शनमधून दुसऱ्या कन्व्हेन्शनला जातात, रात्री एकामागून एक प्रवचनं ऐकतात, डोळ्यांत पाणी आलं की बरं वाटतं आणि बुधवारपर्यंत सगळं होतं तसंच. भावना हुकमानं येत नाही. प्रीतीची मात्र आज्ञा करता येते आणि ती पाळताही येते. बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकात (६:५) संपूर्ण मनानं, संपूर्ण जिवानं, संपूर्ण शक्तीनं देवावर प्रीती करायला सांगितलंय, आणि लगेच पुढच्या ओळींत ती आज्ञा घरात उतरते. घरी बसलेले असताना बोला, वाटेनं चालताना बोला, निजताना आणि उठताना बोला, दाराच्या चौकटीवर लिहा. दिवसाच्या ठरलेल्या जागा आणि वेळा देवाला देणं, एवढा साधा तिचा आरंभ आहे.

उपायाकडे वळण्याआधी कोरडेपणा कुठला आहे ते पाहून घ्या. एलिया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली मरण मागत पडला होता, तेव्हा देवानं त्याला उपदेश केला नाही. दूतानं उठवलं, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खाऊ घातलं. होरेब डोंगरावरचं देवाचं बोलणं चाळीस दिवसांनी झालं. रात्रपाळी, तान्हं मूल, घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस, यातून आलेला थकवा हा प्रीतीचा अभाव नव्हे. तिथे आधी झोप आणि मदतीचा हात हवा. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप-भूक बिघडली असेल, देवातच नव्हे तर कशातच गोडी उरली नसेल, तर डॉक्टरांकडे जा. जगणं नको वाटत असेल तर आजच जा, आणि घरच्यांना सांगून जा. नैराश्याला "विश्वास कमी पडला" म्हणणं हा मंडळीत होणारा मोठा अन्याय आहे.

थकवा किंवा आजार नसेल, तर सोळाव्या शतकातले कॅथलिक संत इग्नेशियस लोयोला यांनी सांगितलेली तीन कारणं तपासावीत. एक, आपलीच हेळसांड. दुसरं, देव आपली परीक्षा पाहतो आहे. तिसरं, गोडी ही आपली कमाई नसून देणगी आहे हे आपल्याला कळावं. त्यांचे दोन नियम कॅथलिक असो वा प्रोटेस्टंट, प्रत्येकानं पाठ करावेत असे आहेत. कोरड्या काळात आधी घेतलेला चांगला निर्णय बदलू नये. आणि प्रार्थना आटोपती घ्यावीशी वाटेल तेव्हा ती ठरल्यापेक्षा थोडी लांबवावी. वीस मिनिटं ठरली असतील आणि बाराव्या मिनिटाला उठावंसं वाटलं, तर बावीस मिनिटं बसायचं.

आता आठवण. हे काम मनातल्या मनात होत नाही. वही-पेन घेऊन बसावं लागतं. स्तोत्र १०३ एकदा मोठ्यानं वाचा, त्यातली "त्याचे सर्व उपकार विसरू नको" ही ओळ वहीच्या डोक्यावर लिहा आणि खाली दहा नोंदी करा. नोंद नेमकी हवी. "देवानं पुष्कळ आशीर्वाद दिले" ही नोंद नव्हे. "२०११, पावसाळा, बाबांचं ऑपरेशन, पैसे अपुरे, शेजारच्या काकू रात्री नऊला डबा आणि पाच हजार रुपये घेऊन आल्या, आम्ही मागितले नव्हते" ही नोंद. साल, जागा, माणूस, गरज आणि ती कशी भागली. पहिल्या तीन-चार भराभर सुचतात, मग अडतं. अडलं तरी उठू नका, कारण विसरलेल्या नोंदी तिथूनच पुढे निघतात. आपण प्रीती करतो कारण त्यानं आधी आपल्यावर प्रीती केली, हे योहानाचं म्हणणं या पानावर आपल्या हस्ताक्षरात दिसू लागतं.

मागच्या पानावर दोनच प्रश्न. तेव्हा मी काय करत होतो जे आता करत नाही? आणि आता काय करतो जे तेव्हा करत नव्हतो? पहिल्या प्रश्नाचं उत्तर बहुधा साधं निघतं: पहाटे गुडघे टेकायचो, चालत कामावर जाताना गाणं म्हणायचो, आजाऱ्याला भेटायला जायचो. दुसऱ्याचं उत्तर बहुतेकांच्या बाबतीत उशाशी असलेला फोन हे असतं. इथे एक घसरण सांभाळा. आठवण करता करता माणूस जुन्या दिवसांच्या गोडव्यात रमतो, तेव्हाचे पाळक, तेव्हाची गाणी. प्रभूनं जुने दिवस आठवायला सांगितलं नाही. कुठून पडलास ती जागा शोधायला सांगितलं.

पश्चात्तापाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण इथे मोघमपणा फार चालतो. "प्रभू, आमच्या अनेक पापांची क्षमा कर" हे उपासनेत सगळ्यांनी मिळून म्हणायला योग्य आहे. एकट्यानं दार लावून म्हणायला ते अपुरं आहे. स्तोत्र ५१ पाहा. दावीद त्यात ना परिस्थितीला दोष देतो, ना दुसऱ्या कुणाला, आणि मागतो काय, तर तुझ्या तारणाचा हर्ष मला परत दे. तुमची कबुली एका वाक्यात बसवा, पापाला त्याच्या नावानं हाक मारा, आणि वाक्यात "पण" येऊ देऊ नका. "मी भावाच्या वाट्याच्या जमिनीबद्दल खोटं बोललो." एवढंच. मग जिथे भरपाई शक्य आहे तिथे ती करा. जकातदार जक्कयानं येशूसमोर चौपट परत करायचं कबूल केलं होतं. कॅथलिक असाल तर धर्मगुरूंकडे पापनिवेदन करा. इतरांनी पाळकांजवळ किंवा भरवशाच्या, तोंड बंद ठेवणाऱ्या वडीलधाऱ्या विश्वासणाऱ्याजवळ बोलावं. आणि एकदा कबूल केलं की थांबा. तेच पाप रोज उकरून काढणं ही नम्रता नाही. १ योहान १:९ वर विश्वास न ठेवणं आहे.

इफिसकरांनी सोडलेली प्रीती देवावरची होती की एकमेकांवरची, यावर भाष्यकारांची मतं वेगवेगळी आहेत. माझ्या मते दोन्ही एकदमच सुटतात. आपल्या मंडळ्यांत कोरडेपणाचं मूळ पुष्कळदा कमिटीच्या निवडणुकीत, मिळकतीच्या वादात, लग्नात न दिलेल्या आमंत्रणात असतं. समोरच्या बाकावर ते माणूस बसलेलं दिसलं की गाणं घशात अडकतं. मत्तय ५ मध्ये प्रभू सांगतो, अर्पण वेदीपाशी ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर, मग ये. म्हणून प्रभुभोजनाच्या आदल्या आठवड्यात एका माणसाकडे जा. व्हॉट्सअ‍ॅपवर लांबलचक निरोप पाठवू नका; तो चार जणांना दाखवला जातो. समोरासमोर, पाच मिनिटं, फक्त आपली चूक बोला. त्यांची चूक त्या भेटीत काढायची नाही. त्यांनी दार लावून घेतलं तरी तुमचं काम झालं.

पहिली कृत्यं म्हणजे रोजची वीस मिनिटं. इथे बहुतेकांचा पाय घसरतो तो उत्साहानं. एक तास ठरवतात आणि चौथ्या दिवशी सोडतात. किंवा वर्षात अख्खं बायबल वाचायचा तक्ता घेतात, 'लेवीय' या नियमांच्या पुस्तकात रुततात, मागे पडलेले अध्याय कर्जासारखे साचतात आणि पुस्तकाकडे बघायचीच लाज वाटू लागते. कोरड्या माणसानं तो तक्ता बाजूला ठेवावा. पाच मिनिटं एक स्तोत्र मोठ्यानं, ओठ हलवून. दहा मिनिटं मार्कच्या शुभवर्तमानातली साधारण पंधरा वचनं. या गतीनं सोळा अध्याय दीड महिन्यात होतात. त्यात एकच पाहायचं: येशू इथे काय करतो आहे, कुणाला हात लावतो आहे, कुणाकडे वळून पाहतो आहे. मला यातून काय शिकायचं, हा प्रश्न तूर्त नको. प्रीती माणसावर बसते, धड्यावर नाही. उरलेली पाच मिनिटं त्याच्याशी त्याच प्रसंगाबद्दल बोला. तोंडातून शब्द निघाला नाही तर "प्रभू, मला तुझ्यावर प्रीती करायची आहे, करता येत नाही" एवढं खरं वाक्य पुरे. छापील बायबल घ्या. फोनवर वाचायला घेतलं की वरून निरोप टपकतात. आणि जागा बदलू नका, तीच खुर्ची, तीच वेळ. एक दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी चाळीस मिनिटं करायची नाहीत, वीसच.

गाणं सोडू नका. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यावर मराठी मंडळीला अभंगांच्या आणि पदांच्या वळणाची भक्तिगीतं दिली, ती याच कामाची आहेत. घरात आठवड्याला एकच पद घ्यावं, पुस्तकाविना येईपर्यंत म्हणावं. पाठ झालेलं पद स्वयंपाक करताना, लोकलमध्ये उभं असताना आपोआप ओठावर येतं. पडद्यावर वाचून म्हटलेलं येत नाही.

आठवड्यातून एका जेवणाचा उपास करा आणि त्या जेवणाचे पैसे त्याच दिवशी कुणा गरजवंताला द्या, म्हणजे यशयाच्या ५८व्या अध्यायातला उपास होतो. मधुमेह असेल, गरोदर असाल तर जेवण सोडू नका, दुसरं काही सोडा.

सेवेबद्दलचं माझं मत काहींना आवडत नाही: कोरडेपणा असेल तर तीन महिन्यांसाठी एक जबाबदारी खाली ठेवा. सगळ्या नाही, एक. मार्था वाईट काम करत नव्हती, पाहुण्यांना जेवूच घालत होती. पण प्रभूच्या पायाशी बसायला तिला सवड राहिली नव्हती. चार कमिट्यांवर असलेल्या माणसाला आणखी एक सेवा देऊन त्याची प्रीती वाढत नाही. पाळकांना हे आधी सांगा, कारणासकट, म्हणजे अफवा उठत नाहीत.

किती दिवस लागतात, हाही प्रश्न ठरलेला. याला हिशेब नाही. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये झाला. त्यांनी स्वतः पुढे लिहून ठेवलंय की ख्रिस्ती धर्म आपल्याला मिळाला होता, पण त्या धर्माचं जीवन असलेला ख्रिस्त मिळाला नव्हता, हे आपल्याला आठ वर्षांनी उमगलं. एवढी विद्वान, एवढी कार्यरत बाई! केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५च्या जानेवारीत त्यांनी रोज एकत्र प्रार्थनेला बसायला माणसं मागितली तेव्हा सुमारे सत्तर जणी पुढे आल्या. जूनपर्यंत ही संख्या पाचशेच्या वर गेली, आणि जूनच्या अखेरीस तिथे जे आध्यात्मिक जागरण सुरू झालं त्यातून मुलींच्या टोळ्या आसपासच्या गावांत सुवार्ता सांगायला निघाल्या. मधले पाच-सहा महिने मात्र रोज एकत्र बसून मागण्याचे होते.

तुम्हाला सत्तर नकोत, एक माणूस पुरे. नवरा-बायकोनं एकमेकांचं हे काम करू नये असं मी म्हणेन, घरातल्या कुरबुरी त्यात शिरतात; बाईनं बाईबरोबर, पुरुषानं पुरुषाबरोबर बसावं. आठवड्यातून अर्धा तास, ठरलेल्या वारी. या आठवड्यात वीस मिनिटं किती दिवस झाली, येशूबद्दल काय दिसलं, आणि कुणाशी समेट राहिला आहे, एवढं एकमेकांना विचारायचं, मग दोघांनी एकमेकांसाठी मोठ्यानं प्रार्थना करायची. तिसऱ्या कुणाबद्दल बोलणं निघालं की तिथेच थांबवायचं.