तुम्ही विचारलंत म्हणून : प्लॅनिंगमध्ये शिकवतात तरी काय?

बडोद्यात कुणाकडे हळदीकुंकवाला गेले, गणपतीच्या आरतीला गेले, नाहीतर खंडेराव मार्केटात भाजी घेताना कुणी भेटलं, की बारावीतल्या मुलांच्या आया मला हमखास गाठतात. "ताई, आर्किटेक्चर माहीत आहे, सिव्हिल माहीत आहे. हे तुमचं प्लॅनिंग म्हणजे काय? त्यात शिकवतात तरी काय?" बरोबर काका असले तर पुढचा प्रश्न त्यांचा : "आणि नोकरीचं काय?" उभ्याउभ्या सांगण्यासारखं हे नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

शहर वाढतं तेव्हा कुणाची जमीन जाते, कुणाच्या जमिनीला भाव येतो आणि या दोन गोष्टींचा हिशेब एकमेकांशी कसा जुळवायचा, हे आम्ही नगरनियोजनात शिकतो. नकाशे, जीआयएस (संगणकावरचे माहितीचे नकाशे), ट्रॅफिकची मोजणी, लोकसंख्येचे अंदाज, कायद्याची कलमं, सगळी या एका कामाची हत्यारं. मी स्वतः सिव्हिल करून मग महाराजा सयाजीराव विद्यापीठात नगर आणि प्रदेश नियोजनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला गेले. सिव्हिलमध्ये रस्ता कसा बांधायचा ते शिकले होते. तो कुणाच्या शेतातून जातो, हा प्रश्न तिथे कधी आला नव्हता.

या शिक्षणाचा कणा म्हणजे स्टुडिओ. शहराच्या कडेचं एखादं गाव हाती देतात आणि सांगतात, इथे पुढच्या वीस वर्षांची वस्ती बसवा. मुलं पहिल्याच दिवशी रस्ते आखायला बसतात. मग शिक्षक विचारतात, सातबारा पाहिलात का? आणि खरा अभ्यास तिथून सुरू होतो. गावाचा जुन्या मोजणीचा नकाशा आणायचा, तो उपग्रहाच्या चित्रावर ठेवायचा. दोन्ही कधीच तंतोतंत बसत नाहीत. सातबाऱ्यावर एक क्षेत्रफळ, मोजणीच्या टिपणावर दुसरं, प्रत्यक्ष बांधावर तिसरं. कुठली जमीन जुन्या शरतीची, कुठली नव्या शरतीची (म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी), गोचर म्हणजे गायरान कुठे, खराबा कुठे, वारसांची नावं चढलीत की आजोबांचंच नाव अजून आहे, हे एकेका सर्व्हे नंबरासाठी बघायचं. हे काम किचकट आहे आणि मला ते फार आवडतं. कागदावर कोरी दिसणारी जमीन खरं तर माणसांनी, हक्कांनी आणि भांडणांनी गच्च भरलेली असते, हे त्या टेबलावर कळतं.

गुजरातेत हा विषय शिकण्याचं मोठं भाग्य म्हणजे इथली टीपी स्कीम, म्हणजे टाउन प्लॅनिंग स्कीम. मूळ १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्यात. पुढे १९५४ चा कायदा आला, आणि आज गुजरातेत १९७६ चा नगररचना आणि शहरी विकास कायदा चालतो. कल्पना अशी : रस्त्यासाठी, बागेसाठी, शाळेसाठी एखाद्याचं अख्खं शेत घ्यायचं आणि शेजाऱ्याला फुकटात रस्त्याला लागलेली जमीन मिळू द्यायची, हे करायचं नाही. एका परिसरातले सगळे मालक एकत्र धरायचे, प्रत्येकाकडून थोडी थोडी जमीन कापायची, वेड्यावाकड्या शेतांचे सरळ प्लॉट पाडायचे आणि उरलेली जमीन ज्याची त्याला परत द्यायची. जुन्या तुकड्याला म्हणतात ओपी, म्हणजे ओरिजिनल प्लॉट. परत मिळतो तो एफपी, फायनल प्लॉट. जी जाते ती कपात.

आकड्यांत सांगते, नाहीतर हे हवेत राहील. समजा एकाचं शेत १०,००० चौरस मीटर आहे आणि रस्ता नसताना त्याचा भाव चौरस मीटरला १,००० रुपये आहे. म्हणजे त्याच्याकडे १ कोटीची जमीन. ४० टक्के कपात झाली, ६,००० चौरस मीटरचा एफपी मिळाला. गेलेल्या ४,००० मीटरचे जुन्या भावाने ४० लाख त्याला देणं लागतं. आता रस्ता, गटार, पाणी आल्यावर भाव ३,००० होईल असं धरलं, तर त्याचा एफपी १ कोटी ८० लाखांचा होतो. तोच प्लॉट सोयी नसताना ६० लाखांचा होता, म्हणजे वाढ १ कोटी २० लाखांची. कायदा म्हणतो, या वाढीच्या निम्म्यापर्यंत रक्कम स्कीमच्या खर्चासाठी मालकाकडून घेता येते. निम्मे म्हणजे ६० लाख. त्यातून देणं असलेले ४० लाख वजा केले की मालकाने भरायचे २० लाख. जमीन कमी झाली, २० लाख भरावे लागले, तरी हातात १ कोटी ८० लाखांचा प्लॉट आहे आणि त्याला रस्ता आहे. एका मालकाची अशी एक ओळ, या पद्धतीने भरलेल्या तक्त्याला फॉर्म एफ म्हणतात. प्लॅनिंगच्या विद्यार्थ्याला स्वच्छ हाताने भरलेला एक फॉर्म एफ जितकं शिकवतो तितकं दहा व्याख्यानं शिकवत नाहीत, असं माझं ठाम मत आहे.

तक्ता भरला म्हणजे काम झालं असं मात्र नाही. मसुदा तयार होताना मालकांची सभा घ्यावी लागते. शिकत असताना आम्हाला अशा एका सभेला नेलं होतं. भिंतीवर मोठा नकाशा, जुन्या हद्दी हिरव्या, नव्या लाल. लोक आपापला नंबर बोटाने शोधत होते. एक वयस्कर शेतकरी बराच वेळ नकाशापाशी उभे होते. मग वळून अधिकाऱ्यांच्या टेबलाशी आले आणि एवढंच म्हणाले, "साहेब, मारो कूवो कोना प्लॉटमां गयो?" माझी विहीर कुणाच्या प्लॉटात गेली? नकाशावर विहिरीचं बारीक वर्तुळ होतं, आणि लाल रेषा त्याच्या अलीकडून गेली होती. विहिरीची किंमत तक्त्यात धरलेली होती, तिचे पैसे त्यांना मिळणार होते. पण विहीर पैशांत मावत नव्हती. अधिकाऱ्यांनी पेन्सिल घेतली आणि रेषा विहिरीच्या पलीकडे नेली. त्याबरोबर शेजारचा प्लॉट अरुंद झाला. तो भरून काढायला रस्त्याचं वळण हललं, आणि रस्ता हलला तसा समोरच्या दोन मालकांचा आकार बदलला. त्या सगळ्यांना टेबलाशी बोलावून समजावलं गेलं. एका विहिरीसाठी अख्खा गट पुन्हा आखला, आणि ते योग्यच होतं. "नियोजन म्हणजे काय" असं मला कुणी विचारलं की माझ्या डोळ्यांसमोर ती पेन्सिल येते.

या पद्धतीत एक मोठी उणीव आहे, तीही विद्यार्थ्याने पहिल्या वर्षापासून पाहायला हवी. फॉर्म एफमध्ये मालकाचा रकाना आहे. त्या शेतावर वर्षानुवर्षं राबणाऱ्या मजुराचा नाही, तोंडी बोलीवर कसणाऱ्याचा नाही. शेत गेलं की त्याचं काम गेलं, आणि त्याला कपातही नाही की प्लॉटही नाही. कायद्यात दुर्बल घटकांच्या घरांसाठी स्कीमच्या सुमारे १० टक्के जमीन राखण्याची तरतूद आहे. ती जमीन नेमकी कुठे दिली जाते, बसच्या रस्त्याजवळ की पार टोकाला सखल कोपऱ्यात, यावर माझ्या मते स्कीमचा प्रामाणिकपणा जोखावा.

सखल कोपरा म्हटलं की बडोदेकराला पाणी आठवतं. विश्वामित्री पावागडाच्या डोंगरातून येते, शहराच्या मधून वळणं घेत जाते, तिच्यात मगरी राहतात हे बाहेरच्यांनाही माहीत असतं. कांस मात्र बाहेरच्यांना माहीत नसतात. भुखी कांस, मसिया कांस, रूपारेल कांस. पावसाचं पाणी तळ्यांतून नदीकडे नेणारे हे जुने ओहोळ. उन्हाळ्यात कांस कोरडा, कचऱ्याने भरलेला, बघणाऱ्याला वाटतं ही वाया गेलेली जागा आहे. त्यावर स्लॅब टाकला, कडेने भिंत बांधली, थोडा वळवला, तरी त्या वर्षी काहीच होत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री ३५ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी २६ फूट. तेव्हा नदीपासून लांब राहणाऱ्यांच्या घरातही पाणी शिरलं आणि लोक विचारू लागले, आमच्याकडे नदी कशी आली? बऱ्याच ठिकाणी ती तिच्या जुन्या वाटांनीच आली होती.

म्हणून आमच्याकडे जमीन शिकताना आधी उतार शिकवतात. गावाच्या नकाशावर समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा काढायच्या, पावसाचा थेंब कुठे पडला तर कुठे जाईल ते पेन्सिलीने दाखवायचं, आणि मग पावसाळ्यात जाऊन तो खरंच तिथे जातो का ते बघायचं. पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश नगररचनाकाराने १९१६ मध्ये बडोद्याच्या वाढीवर अहवाल लिहिला होता, दोन वर्षांनी इंदूरवरही लिहिला. नकाशाला हात लावण्याआधी शहर पायी फिरा, नीट तपासा, हा त्याचा आग्रह होता. शंभर वर्षांनंतर ड्रोन आले, उपग्रह आले, पण कांसाच्या काठाने चालत गेल्याशिवाय तो कुठे तुंबतो हे आजही कळत नाही. मी विद्यार्थ्यांना चालायला लावते, त्यांचे पाय दुखतात, आणि मला त्याचं अजिबात वाईट वाटत नाही.

पुण्यामुंबईचे नातेवाईक म्हणतात, हे सगळं तुमच्या गुजरातेतलं. तसं नाही. महाराष्ट्राच्या १९६६ च्या कायद्यातही टीपी स्कीम आहे, फक्त तिकडे विकास आराखड्यात आरक्षण टाकून जमीन मिळवण्याची वाट जास्त मळलेली राहिली. आता पुण्याच्या कडेला म्हाळुंगे-माणला स्कीम हाती घेतली गेली. भूकंपानंतर भुजच्या जुन्या गावात अरुंद गल्ल्या रुंद करायलाही हीच पद्धत वापरली होती. एकदा हाताला बसली की ही विद्या कुठेही चालते.

आता काकांचा प्रश्न. बारावीनंतर चार वर्षांचा बी.प्लॅन, म्हणजे नियोजनातली पदवी आहे. त्यासाठी बऱ्याच ठिकाणी जेईई मेनचा पेपर २बी द्यावा लागतो, बारावीला गणित लागतं. भोपाळ, दिल्ली, विजयवाड्याच्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर, अहमदाबादचं सेप्ट विद्यापीठ, ही नावं सगळ्यांना माहीत असतात. सिव्हिल किंवा आर्किटेक्चर करून, किंवा अर्थशास्त्र, भूगोलासारख्या विषयांतून दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला येता येतं. प्रत्येक ठिकाणची पात्रता वेगळी असते, तेवढी पाहून घ्या. कामं सरकारी नगररचना खात्यात, विकास प्राधिकरणात, महापालिकेत, सल्लागार कंपन्यांत, बिल्डरांकडे आणि वाहतुकीच्या प्रकल्पांत असतात.

नोकरीचं खरं चित्र मात्र लपवणार नाही. नीती आयोगाने २०२१ मध्ये नगरनियोजनावर अहवाल दिला. देशातल्या ७,९३३ शहरी वस्त्यांपैकी जवळजवळ ६५ टक्क्यांना विकास आराखडाच नाही, असं त्यात आहे. राज्यांच्या नगररचना खात्यांत तेव्हा नियोजनकारांच्या मंजूर जागा ४,००० पेक्षाही कमी, आणि त्यातल्या ४२ टक्के रिकाम्या. म्हणजे कामाचा डोंगर आहे आणि माणसं नेमलेली नाहीत. कित्येक राज्यांत नगरनियोजनाच्या पदासाठी नियोजनाची पदवी असण्याची अटही नाही. हे वाचून मला राग येतो. ज्या देशात हजारो गावं डोळ्यांदेखत शहरं होताहेत, तिथे जमिनीचा हिशेब करायला शिकलेली मुलं सल्लागार कंपनीत तुटपुंज्या पगारावर पीपीटी बनवत बसतात. तरीही मी मुलांना या म्हणते, कारण ही जमीन एकदा चुकीची आखली गेली की दोन पिढ्या ती दुरुस्त होत नाही. रस्ता नंतर सहजासहजी रुंद करता येत नाही, कांस नंतर सहजासहजी उघडता येत नाही. शिकलेलं माणूस त्या टेबलाशी आधी असायला हवं.

कुणी यावं? चित्रकला चांगली हवी असं काही नाही. गणित दहावीचं पक्कं असलं तर फॉर्म एफ सुटतो. ऐकून घेण्याची तयारी मात्र हवी, कारण लोक चिडून येतात, आणि बहुतेकदा त्यांचं चिडणं बरोबर असतं. आणि दम हवा. स्कीमचा मसुदा, प्राथमिक, अंतिम असे टप्पे पार पडायला वर्षं जातात. १९९९ च्या दुरुस्तीनंतर मसुदा मंजूर झाला की रस्त्याची जमीन ताब्यात घेता येते, त्यामुळे निदान रस्ते लवकर सुरू होतात. पण आज आखलेल्या बागेत खेळणारी मुलं अजून जन्मायची असतात.

प्रवेशाचा फॉर्म भरण्याआधी लेकीला एक काम द्या. तुमच्या सोसायटीच्या दस्तावर टीपी नंबर आणि एफपी नंबर असेल. तो घेऊन तिला नगररचना कार्यालयात पाठवा. आपली इमारत कुठल्या सर्व्हे नंबरावर उभी आहे, मूळ शेत किती होतं, किती कापलं गेलं, कापलेल्याचं काय झालं, जवळून एखादा कांस जात होता का, हे तिला शोधू द्या. दोनतीन खेटे पडतील, एखादा कारकून उद्या या म्हणेल. घरी येऊन ती त्या शेताबद्दल, त्याच्या मालकाबद्दल जेवताना बोलत राहिली, तर मला फोन करा. पेपर २बीच्या तयारीला मी बसवते तिला.